अठराशे जणांनी फॉर्म भरला, तरी तालुक्याचा कौल कळला का?

प्रश्न अमळनेरकडच्या एका तरुण वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही सात-आठ मित्रांनी गूगल फॉर्म बनवून तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरवला. १८०० जणांनी भरला. टीव्हीवाले एका मतदारसंघात दोन-तीनशे लोकांना विचारतात आणि तरी तोंडावर पडतात. मग आमचा सर्व्हे त्यांच्यापेक्षा बरा का नाही? दुसरं, आमच्या गल्लीत आजवर एकही सर्व्हेवाला फिरकलेला नाही. हे सर्व्हे खरंच होतात का?"

मी वीसेक वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत हेच काम करतो आहे. सुरुवात एसटीने गावोगाव फिरून कागदी फॉर्म भरण्यापासून झाली, आता पोरांना शिकवतो आणि त्यांनी आणलेला माल तपासतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गल्लीचं आधी उरकतो. विधानसभा २०२४ ला महाराष्ट्रात सुमारे ९.७ कोटी मतदार होते. एखाद्या सर्व्हेत राज्यभरातून १०,००० लोक विचारले, तर दर ९,७०० माणसांमागे एक. तुमच्या गल्लीत साठ मतदार धरले तरी असे दीडशेच्या वर सर्व्हे व्हावेत, तेव्हा कुठे तिथल्या एकाचं नाव निघेल. तेव्हा कोणी आलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. खोटे सर्व्हे होतात, नाही असं नाही, पण ते ओळखायची खूण वेगळी आहे. तिच्याकडे येतो.

आता तुमचे अठराशे. पुस्तकातलं सूत्र लावलं तर १८०० च्या नमुन्याला सव्वादोन-अडीच टक्क्यांची चूक संभवते, म्हणजे तुमचा सर्व्हे फारच अचूक. पण ते सूत्र चालतं कधी, तर यादीतल्या प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची संधी असते आणि ती किती हे आपल्याला ठाऊक असतं तेव्हा. तुमच्या फॉर्मच्या बाबतीत ती संधी कोणाला होती? ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, जो तुमच्या ग्रुपात आहे, ज्याला राजकारणात रस आहे आणि ज्याला त्या दुपारी वेळ होता, त्याला. वय आणि लिंगाचे रकाने उघडून बघा. मी न बघता सांगतो, विशी-पस्तिशीतले पुरुष ढिगाने असतील आणि पन्नाशीपुढच्या बाया बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातही एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याच्या हाती लिंक पडली असेल तर रात्री दहा ते साडेदहा या अर्ध्या तासात एकाच बाजूचे शंभर-दीडशे फॉर्म आलेले दिसतील. वेळेच्या रकान्याने लावून बघा, लगेच कळेल.

ही चूक नवी नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने एक कोटीच्या आसपास मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांच्या वर परत आल्या. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाच्या घरी असणार! साप्ताहिकाने रूझवेल्टविरुद्धचे उमेदवार लँडन निवडून येणार असं छापलं आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. जॉर्ज गॅलप या सर्व्हेवाल्याने त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर रूझवेल्टचं नाव बरोबर सांगितलं होतं. तुमचा गूगल फॉर्म म्हणजे तीच टेलिफोन डिरेक्टरी, फक्त खिशात मावणारी.

माझी पहिली चूक तुमच्यापेक्षा मोठी होती. उन्हाळ्याचे दिवस, पारोळा तालुक्यातलं एक गाव, हातात वीस फॉर्म आणि संध्याकाळची शेवटची एसटी. सरपंचांनी आग्रहाने ओट्यावर बसवलं, चहा आला, "तुम्ही कशाला उन्हात फिरता, माणसं इथंच बोलावतो" म्हणाले. बोलावली. वीसच्या वीस फॉर्म दोन तासांत झाले आणि वीसच्या वीस जणांचं एकच मत. मला वाटलं गाव एकमुखी आहे. सुपरवायझरने फॉर्म चाळले आणि एवढंच विचारलं, "बाया किती?" एकही नव्हती. "दलित वस्ती?" त्या बाजूला मी गेलोच नव्हतो. "आणि सरपंच कुठं बसले होते?" शेजारीच. दुसऱ्या दिवशी त्याच गावात परत पाठवलं, स्वतःच्या खर्चाने.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच. माणूस आपण निवडायचा नाही, यादीने निवडायचा. मतदार यादी भागवार मिळते, एक भाग म्हणजे एक बूथ, आणि एका भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात. समजा यादीत ११५० नावं आहेत आणि आपल्याला १५ हवीत. ११५० भागिले १५, म्हणजे ७६ चं अंतर. १ ते ७६ मधली एक चिठ्ठी काढायची. ३१ आली तर यादीतलं ३१वं नाव, मग १०७वं, मग १८३वं, असं शेवटपर्यंत. मग त्याच माणसाला शोधायचं. तो शेतात असेल तर संध्याकाळी परत जायचं, भुसावळला गेला असेल तर दुसऱ्या दिवशी. "तो नाही, पण मी सांगतो ना" म्हणणारा शेजारी प्रत्येक गल्लीत भेटतो. त्याला नमस्कार करून पुढे जायचं. पोरांना हे सर्वात जड जातं, कारण बोलायला उत्सुक माणूस समोर बसलेला असतो आणि यादीतली आजी दार उघडत नसते.

पण ती आजीच महत्त्वाची. सर्व्हेची बहुतेक घाण न भेटलेल्या माणसांतून येते, हे माझं इतक्या वर्षांचं मत आहे. आणि आपल्या खान्देशात न भेटणारी माणसं कधी, कुठे आणि का भेटत नाहीत याचं एक वेळापत्रकच आहे. दिवाळी झाली की नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती उन्हाळ्यात परततात. जानेवारीत तिथल्या पाड्यावर सर्व्हे केला तर म्हातारे, शाळेची पोरं आणि नोकरदार भेटतील. इकडे जळगाव-धुळ्याच्या गावांतले तरुण सुरतला, त्यांचं नाव यादीत गावाचं आणि मुक्काम उधना-लिंबायतला. मतदानाच्या आदल्या रात्री गाड्या भरून येतात ते वेगळं.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, तर विचारूच नका. २०२४ ला अक्षय्य तृतीया १० मे ला होती आणि जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मे ला. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्या आठवड्यात घरोघर फिरणाऱ्या पोराला प्रत्येक ओसरीवर बोलक्या, हसऱ्या, झोक्यावर बसलेल्या बाया भेटतात, पण त्यांतल्या अर्ध्या त्या बूथच्या मतदारच नसतात. यादी हातात नसेल तर तो खुशाल त्यांचे फॉर्म भरून आणतो. बायांचा कोटा पूर्ण, आणि सगळा माल दुसऱ्या तालुक्याचा.

आता बूथ किती आणि एका बूथवर माणसं किती, याविषयी. इथे जाणती माणसंही गडबडतात. आपल्या गावांत माणसं गल्लीने, भाऊबंदकीने, जातीने राहतात. एका बूथवरचे वीस जण म्हणजे वीस स्वतंत्र मतं नव्हेत, बरीचशी एकमेकांची सावली असते. म्हणून पन्नास बूथवर वीस-वीस असे हजार लोक विचारले तरी त्यांची किंमत प्रत्यक्षात विखरून निवडलेल्या तीन-चारशे लोकांइतकीच भरू शकते. जास्त बूथ आणि प्रत्येक बूथवर कमी माणसं, हे केव्हाही बरं. पण त्यात गाडीभाडं वाढतं, म्हणून काम देणारे ते टाळतात.

धुळे लोकसभेचा २०२४ चा निकाल मी नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवतो. या मतदारसंघात धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा हे आपले तीन आणि नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण असे सहा विधानसभा भाग. भाजपचे सुभाष भामरे पाच भागांत पुढे होते. मालेगाव मध्य या एकाच भागात काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास दोन लाख मतं पडली आणि भामरेंना पाच हजारही नाहीत. शेवटी बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. झालेल्या बारा लाखांवर मतांत हे अर्धा टक्कासुद्धा नाही. आता विचार करा, सर्व्हेच्या टीमने मालेगाव मध्यमधले दोन बूथ "तिथं काय, सगळं ठरलेलंच आहे" म्हणून गाळले, किंवा तिथे दर शंभरात साठ लोकच मतदानाला येतील की सत्तर, हा अंदाज थोडा चुकवला, तर अख्खा निकाल उलटा. इतक्या अटीतटीची जागा कोणी सर्व्हेने 'सांगितली' असेल तर ते नशीब समजावं.

नंदुरबारमध्ये घोळ वेगळा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यात अनुसूचित जमाती सुमारे ६९ टक्के. मुंबई-पुण्याहून आलेल्या फॉर्मवर मात्र 'आदिवासी' असा एकच चौकोन असतो. नवापूरचे मावची, सातपुड्यातले पावरा, सपाटीवरचे भिल्ल, कोकणी यांची बोली वेगळी, पुढारी वेगळे, दुखणी वेगळी. एका चौकोनात ती कोंबली की आकडा येतो, अर्थ येत नाही. २०२४ ला तिथे काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाच्या वर मतांनी जिंकले. इतका मोठा फरक आधी कानावर पडायला हवा होता. पाड्यापर्यंत चालत जाणाऱ्यांच्या तो पडलाही होता. घरं टेकड्यांवर विखुरलेली, एका घरापासून दुसऱ्यापर्यंत अर्धा तास. तिथे डांबरी रस्त्याकडेची दुकानं गाठून परत फिरणारा सर्व्हे काय आणणार!

बरं, योग्य माणूस भेटला. आता प्रश्न कसा विचारायचा?

भाषेपासूनच अडतं. "राज्य सरकारच्या कामगिरीबाबत आपण कितपत समाधानी आहात?" हे वाक्य चोपड्याच्या बाजारात मोठ्याने म्हणून बघा. अहिराणीत विचारलं की उत्तर येतं, "बरं शे." पुण्याच्या ऑफिसात बसलेली मुलगी हे 'समाधानी' म्हणून नोंदवते. पण आपल्याकडे 'बरं शे' म्हणजे मेलो नाही, चाललंय. खरंच खूश असलेला माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो. आम्ही आता 'बरं शे' आलं की पुढे विचारतो, "मागल्या सालपेक्षा बरं की वाईट?" मग खरं बाहेर येतं.

प्रश्नांचा क्रमही बघा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खेड्यात व्यापारी त्याच्या खाली मागत होते. त्या दिवसांत आधी कापसाच्या भावाचा प्रश्न आणि मग मताचा प्रश्न असा फॉर्म आला, तर शेतकरी भावाच्या रागातच उत्तर देतो. मताचा प्रश्न आधी, राग नंतर. काम देणाऱ्याला नेमकं उलटं हवं असेल तर तो क्रम उलटा ठेवायला सांगतो. असे फॉर्म मी परत पाठवले आहेत आणि त्या पार्टीचं पुढचं काम गमावलंही आहे.

लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यात यायला लागले तेव्हा तर आमची पंचाईत झाली. टॅब घेऊन दारात उभ्या राहिलेल्या आमच्या मुलीला एका बाईने पहिलाच प्रश्न केला, "हप्ता बंद कराले उनात का तुम्ही?" (बंद करायला आलात का?) नंतर तिने प्रत्येक प्रश्नाला होकार दिला. सरकार चांगलं, रस्ता चांगला, पाणी चांगलं. नळाला चार दिवसांनी पाणी येत होतं, हंडे अंगणातच मांडलेले होते. दारावरच्या माणसाला सरकारी समजलं की लोक खोटं बोलत नाहीत, सावधपणे बोलतात. यावर उपाय साधेच आहेत. गळ्यात ओळखपत्र असलं तरी पहिल्या वाक्यात "आम्ही सरकारी नाही, कोण्या पक्षाचेही नाही" हे त्यांच्या बोलीत सांगायचं, आणि आधार, बँक, मोबाइल नंबर यांपैकी काहीही सुरुवातीला मागायचं नाही.

मताचा प्रश्न तोंडी विचारूच नये, हे माझं ठाम मत. कागदावर चिन्हं छापलेली खोटी मतपत्रिका द्यायची, माणसाने पाठ फिरवून शिक्का किंवा खूण करायची, घडी घालून डब्यात टाकायची. ही पद्धत दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या 'लोकनीती' गटाचे लोक पुष्कळ वर्षं वापरतात. धरणगावकडच्या एका घरात मी स्वतः बघितलं. बाई मिरच्यांची देठं खुडत बसलेल्या. काहीही विचारलं की, "त्यासले इचारा." नवरा खाटेवर बसून त्यांच्या वतीने उत्तरं देत होता. मतपत्रिका पुढे केली तेव्हा तो म्हणाला, "दे, मी मारतो." आमच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "भाऊ, यादीत ताईंचं नाव आहे." बाईंनी हात पदराला पुसले, भिंतीकडे तोंड करून बराच वेळ कागद बघितला, खूण केली, चार घड्या घातल्या, डब्यात बोट घालून खोलवर ढकलला आणि विचारलं, "आते हाई कोठे जाई?" (आता हे कुठे जाणार?) नवऱ्याने सांगितलेलं आणि बाईंनी केलेलं एकच होतं की वेगळं, ते मला माहीत नाही. डबा बूथचा, घराचा नव्हे. पण त्या तालुक्यात बायांची तोंडी उत्तरं आणि डब्यातली उत्तरं यांत जो फरक निघाला, त्यावरून पुढची सगळी कामं डब्यावर करायचं ठरलं.

सामाजिक प्रश्नांना हेच दुप्पट लागू. २०११ ला जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. आज गावोगाव तिशी ओलांडलेले बिनलग्नाचे तरुण ओट्यावर दिसतात, ते त्याच हिशेबाचं एक टोक. पण "तुम्हाला मुलगाच हवा का?" विचारलं तर शंभर जण "दोन्ही सारखेच" म्हणतील. त्यापेक्षा "पहिल्या दोन मुली झाल्या तर तुमच्या गल्लीतले लोक काय करतात?" असं विचारलं की माणूस गल्लीच्या नावाने स्वतःचं बोलून जातो.

खोटा सर्व्हे ओळखायची खूण सांगतो म्हणालो होतो. फॉर्मवरच्या वेळा बघा. वीस मिनिटांचा फॉर्म सलग सहा-सहा मिनिटांत झालेला असेल, 'माहीत नाही' हे उत्तर कुठेच नसेल, आणि एकही घर बंद सापडलेलं नसेल, तर तो फॉर्म धाब्यावर शेवभाजी खाताना भरलेला आहे. खऱ्या गावात कुलपं असतात. रोजंदारी फॉर्मावर मिळते म्हटल्यावर पोरं हे करणारच, त्यात सगळा दोष पोरांचा नाही. दर दहापैकी एका घरी दुसऱ्या माणसाने जाऊन दोन-तीन प्रश्न पुन्हा विचारले की आपोआप आळा बसतो.

टीव्हीवाल्यांबद्दलही थोडं. १ जून २०२४ ला लोकसभेच्या बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेलं, काहींनी चारशेपर्यंत. प्रत्यक्षात २९३ आल्या. नंतर नोव्हेंबरात विधानसभेला महायुती पुढे आहे हे बहुतेकांनी सांगितलं, पण २८८ पैकी २३० ची उडी काही कोणाच्या आकड्यात नव्हती. यात फील्डच्या चुका आहेतच, पण मतांचं जागांत रूपांतर करताना मोठा घोळ होतो. लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी होती आणि जागा महाविकास आघाडीला ३० नि महायुतीला १७. मतांत एक-दीड टक्का इकडेतिकडे झाला की जागांचं सगळं चित्र पालटतं. त्यामुळे वाहिनीवर जागांचा आकडा ऐकला की मी आधी विचारतो, मतांची टक्केवारी सांगितली का? नसेल सांगितली तर चहा घ्यायला उठतो.

तुम्हाला खरंच करायचं असेल तर हे करा. अठराशे फॉर्म फेकू नका, त्यातून लोकांच्या तोंडी कोणते विषय आहेत आणि ते कोणत्या शब्दांत बोलतात ते काढा, प्रश्नावलीला उपयोगी पडेल. कौल म्हणून मात्र कुठे छापू नका. विधानसभा मतदारसंघात सव्वातीनशे बूथ असतील तर चिठ्ठीने सुरुवात ठरवून दर दहावा-अकरावा बूथ घ्या, म्हणजे तीसेक बूथ होतील. प्रत्येकी १५ नावं, एकूण ४५०. त्यातले तीनशे भेटले तर उत्तम काम झालं म्हणेन. तीनशेवर सात-आठ टक्क्यांची चूक गृहीत धरा. म्हणजे दोघांत पाच टक्क्यांचा फरक दिसला तर "काट्याची लढत" एवढंच म्हणायचं, अमुक पुढे असं नाही. तुमच्या टीममध्ये निम्म्या मुली हव्यात, त्या नसतील तर काम सुरूच करू नका. बाजाराचा दिवस, आखाजी, श्रावणातला कानबाईचा रविवार टाळा. मे महिन्यात गेलात तर सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर, मधल्या उन्हात भेटेल तो फक्त बेकार माणूस. लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू असताना एक्झिट पोल व्हॉट्सअॅपवर फिरवायचा मोह आवरा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आणि पहिल्या पाच बूथचे फॉर्म आले की निकाल बघायच्या आधी 'घरी नाही' असा शेरा मारलेली नावं वेगळी काढा. त्यांची वयं, गल्ल्या, बाई की पुरुष ते मांडा. सगळे एकाच वस्तीतले किंवा एकाच वयाचे निघाले, तर पुढच्या बूथला जाऊ नका. आधी त्या वस्तीत परत जा, संध्याकाळी.